अर्ध्या टक्क्याची बिअर



इंग्लंडांत एके काळीं बिअर चाखणें हें गांवच्या एका अंमलदाराचें काम होतें. इ. स. १५५६ मध्यें स्ट्रॅटफर्ड गांवानें हातमोजे करणाऱ्या जॉन शेक्सपियर यांना या जागेवर नेमलें. (नाटककार विल्यम हे त्यांचेच चिरंजीव, त्यांचा जन्म पुढें आठ वर्षांनीं झाला.) गांवांत कोणी नवी 'एल' केली कीं जाऊन ती चाखावयाची, आणि ती सकस आहे कीं नाहीं, माप व भाव वाजवी आहेत कीं नाहींत, हें ठरवावयाचें. हे अंमलदार बांकावर सांडलेल्या एलवर चामडी तुमान घालून बसत आणि ती किती चिकटते यावरून एलची पारख करीत, अशी एक दंतकथा आहे. तिला पुरावा नाहीं. पण ती गमतीची असल्यामुळें मरत नाहीं. आपल्याला घ्यावयाचें तें एवढेंच कीं, पेयाबद्दल निवाडा हवा असला म्हणजे त्या काळचा कायदा माणसाच्या जिभेला विचारी.

इ. स. १९१९ सालीं अमेरिकेनें तो निवाडा एका आंकड्यावर सोंपविला. घटनादुरुस्तीनें 'मादक पेयांना' बंदी झाली होती. पण मादक कशाला म्हणावें हें दुरुस्तींत सांगितलें नव्हतें. दारूबंदीला अनुकूल असलेल्या पुष्कळांची समजूत अशी कीं, बंदी व्हिस्कीसारख्या कडक दारूवर येईल, सौम्य बिअर सुटेल. ता. २८ ऑक्टोबर १९१९ रोजीं अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार बाजूस सारून 'व्होल्स्टेड कायदा' मंजूर झाला आणि ही समजूत संपली. ज्या पेयाच्या शंभर भागांत अर्धा भाग किंवा अधिक मद्यार्क असेल तें मादक, असें त्यानें ठरविलें. अर्ध्या टक्क्यानें कोणाची मति गुंगत नाहीं. पावांत आणि फार पिकलेल्या केळ्यांतही मद्यार्काचा थोडा अंश असतो. करवसुलीच्या कामीं सोयीचा म्हणून हा आंकडा आधींपासून वापरांत होता, तोच उचलला गेला.

आंकडा मुळींच न घातला तर काय होतें, तें आपल्या मुंबईनें पाहिलें आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें मद्यार्क असलेला कोणताही द्रव दारूच्या व्याख्येंत घेतला. त्यामुळें पौष्टिक औषधें आणि कोलनवॉटरही तींत सांपडलीं. बलसारा नांवाच्या नागरिकानें दाद मागितली, आणि १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें औषधें व प्रसाधनें यांच्यापुरता तो भाग रद्द ठरविला. तेव्हां आंकड्याला मी सर्वस्वीं दोष देत नाहीं. तो जिभेच्या जागीं बसला, हें माझें गाऱ्हाणें.

अमेरिकेंतील कारखानदारांनीं काय केलें तें पाहूं. अर्ध्या टक्क्याच्या आंतलें पेय त्यांना करतां येई. मात्र त्याला बिअर म्हणण्याची कायद्यानें बंदी होती. चिठ्ठीवर 'धान्यपेय' असें लिहीत. लोक थट्टेनें त्याला 'निअर बिअर', म्हणजे बिअरच्या जवळपासची, म्हणत. हें अंतर मोजणाऱ्याला अंतराचा अंदाज नसावा, असा एक विनोद त्या वेळीं प्रचलित होता. हें पेय करण्याची एक मुख्य रीत अशी : प्रथम खरी बिअर तयार करावयाची, मग ती तापवून तिच्यांतील मद्यार्क उडवून लावावयाचा. मद्यार्क सुमारें ७८ अंश उष्णतेवर उकळतो. पण त्याची वाफ एकटी जात नाहीं. हॉप नांवाच्या फुलांचा सुगंध, आंबवणींतून आलेला फळांसारखा वास, हें सारें तिच्याबरोबर जातें. वेलदोड्याची पूड घातलेली बासुंदी पुन्हां तासभर उघडी उकळत ठेवावी, तसा हा प्रकार. शिवाय मद्यार्क असतां भिजलेल्या, उकडलेल्या जवाचा गोडसर वास झांकला जातो. तो निघून गेला कीं हा वास उघडा पडतो.

सेंट लुईच्या ॲन्हायझर-बुश कारखान्याचें 'बेव्हो' हें असेंच बिनमादक पेय प्रथम धडाक्यानें खपलें, पण १९२९ सालीं तें बंद करावें लागलें. दरम्यान दुकानदारांनीं एक युक्ति काढली होती : निअर बिअरच्या पिंपांत पिचकारीनें मद्यार्क भरावयाचा! तिला 'सुईची बिअर' असें नांव पडलें. वास गेलेल्या पेयांत नशा तेवढी परत आली.

ता. ७ एप्रिल १९३३ पासून सौम्य बिअरला, आणि डिसेंबरांत सर्वच दारूला, परवानगी मिळाली. पण जीभ तशी लवकर परतत नाहीं. १९१५ च्या सुमारास त्या देशांत बिअरचे तेराशेंहून अधिक कारखाने होते. बंदीमुळें व पुढें बड्यांनीं लहानांना गिळल्यामुळें १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते शंभराच्याही खालीं आले. घरीं द्राक्षासव करण्यास १९३३ नंतर मोकळीक होती, पण घरीं बिअर करण्यावरील बंदी अध्यक्ष कार्टर यांच्या सहीनें १९७८ त उठली. त्याच सुमारास जिभेची बाजू घेणारे दोघे पुढें आले. मायकेल जॅक्सन या इंग्रज लेखकानें (हा गायक नव्हे) १९७७ सालीं जगांतील बिअरांची जातवारी लावणारा ग्रंथ लिहिला. आणि मॉर्टन मायल्गार्ड या डॅनिश शास्त्रज्ञानें चव व वास सांगणाऱ्या शंभराहून अधिक शब्दांचें एक चक्र तयार केलें. 'बरी' आणि 'वाईट' यांपलीकडे चाखणाऱ्याला आतां बोलतां येऊं लागलें, आणि लहान कारखान्यांची नवी पिढी याच शब्दांवर पोसली.

बिनमद्यार्काच्या बिअरलाही याचा लाभ झाला. १९७९ त जर्मनींतील फ्रँकफर्ट येथून 'क्लाउस्टालर' बाजारांत आली. आज कित्येक कारखाने हवेचा दाब कमी करून मद्यार्क बऱ्याच कमी उष्णतेवर काढतात. कांहीं बारीक पडद्यांतून गाळतात. सर्वांत चतुर उपाय मला वाटतो तो यीस्टचा. जवाच्या काढ्यांतील बहुतेक साखर माल्टोज या जातीची असते. 'सॅकॅरोमायकोडिस लुडविगी' हें यीस्ट ती खातच नाहीं. त्यामुळें सुगंध तयार होतो, मद्यार्क मात्र नांवापुरता. जुन्या काळच्या कारखानदाराला हें सांगितलें असतें तर त्यानें यीस्ट आजारी आहे असें म्हटलें असतें! अमेरिकेंत कनेक्टिकट राज्यांत केवळ असल्याच बिअरचा एक लहान कारखाना २०१८ सालीं आपला माल विकूं लागला. त्या गांवाचें नांवही स्ट्रॅटफर्डच. आणि तेथील कायद्याची रेषा अजूनही अर्ध्या टक्क्यावरच आहे.

चाखण्याची रीत थोडक्यांत सांगतों. बर्फासारखी थंड घेऊं नये, वास गोठतो. कांचेच्या स्वच्छ पेल्यांत ओतावी, फेस किती वेळ टिकतो तें पाहावें, आधीं हुंगावी, मग घोट घ्यावा. द्राक्षासव चाखणारे थुंकून टाकतात; बिअर चाखणारे गिळतात, कारण तिचा कडवटपणा जिभेच्या मुळाशीं व घशांत कळतो. म्हणूनच मद्यार्काची बिअर चाखणाऱ्याचें मत पांचव्या-सहाव्या पेल्यानंतर विश्वासार्ह राहत नाहीं. बिनमद्यार्काच्या बिअरची ही अडचण नाहीं. मागें एकदां मीं दोन पेले शेजारी ठेवून पाहिले. एक गव्हाची होती : फेस दाट, लवंगेचा मंद वास, पण तिसऱ्या घोटाला तोच उकडलेल्या जवाचा गोडवा वर आला. दुसरींत हॉप भरपूर. संत्र्याच्या सालीचा वास आणि शेवटीं स्वच्छ कडवटपणा. अंगानें ती जराशी पातळ होती, पण पेला मीं रिकामा केला.