शस्त्रक्रियेतील उशी

शाळेत एखाद्या मुलाचा घोळणा फुटला, की वर्गातील चार मुले त्याला आडवे निजवू पाहतात. मी त्याला बसवून ठेवतो. मस्तक हृदयाहून उंच असले, म्हणजे तेथील रक्ताचा दाब उतरतो. दर तेरा सेंटिमीटर उंचीला सुमारे १० मिलिमीटर पाऱ्याइतका. गतवर्षी वाडीतील आमच्या एका शेजाऱ्यांच्या मेंदूतील गाठीचा कण सुईने काढून तपासावयाचे ठरले. "डोके उंच कशासाठी ठेवणार?" असे त्यांच्या पत्नीने विचारले, तेव्हा मला तो मुलगाच आठवला.

हा विचार जुना आहे. पॅरिसचे शस्त्रवैद्य तिएरी द मार्तेल १९१३ च्या सुमारास रुग्णास बसवून मेंदूवर शस्त्रक्रिया करू लागले. रक्त खाली ओघळून जाई व जागा स्वच्छ दिसे. पण मस्तकातील शिरांचा दाब बाहेरच्या हवेहून कमी झाला, की उघडी शीर रक्त सांडण्याऐवजी हवाच आत ओढते, आणि ती हवा हृदयापर्यंत गेली तर प्राणावर बेतते. तेव्हा उंची हवी, पण बेताची.

तोवर कवटी उघडूनच काम चाले. रक्तस्राव झालाच, तर कुशिंग यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेली चांदीची चिमटी लावून तो थांबविता येई. १९४७ मध्ये फिलाडेल्फियात स्पीगेल व वायसिस यांनी माणसाच्या मस्तकावर मोजमापाची चौकट बसविली आणि लहानशा छिद्रातून सुई नेमक्या जागी नेण्याचा मार्ग खुला केला. छेद लहान झाला खरा, परंतु आत फुटलेली रक्तवाहिनी आता दिसेना! म्हणून तयारीचे मोल वाढले. डोके थोडे वर, मान सरळ. ती फार वळली वा दुमडली, तर गळ्यातील शीर दबून रक्त मस्तकात तुंबते. पालथे निजविल्यास पोट मोकळे हवे, नाहीतर तोच परिणाम. अर्थात गाठच रक्ताळ असेल किंवा रक्त गोठत नसेल, तर एकट्या उंचीने काय होणार?

१९४९ मध्ये, बडोद्याचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले त्याच वर्षी, माँट्रियल येथे पेनफील्ड यांच्याकडे शिकून आलेले जेकब चांडी यांनी वेल्लोरला मेंदूशस्त्रक्रियेचे काम आरंभले.

शेजारीणबाईंनी घरून दोन जाड उशा नेल्या होत्या. परिचारिकेने त्या परत दिल्या व खाटेची शिरोबाजूच वर केली. उशांनी मान दुमडते, असे ती म्हणाली.