नाइट स्टॉकर (काल्पनिक प्राणी)

नाइट स्टॉकर (काल्पनिक शास्त्रीय नाव: *मानाम्बुलस पेरहॉरिडस*) हा स्कॉटिश भूशास्त्रज्ञ व लेखक डूगल डिक्सन यांच्या *आफ्टर मॅन* (१९८१) या ग्रंथातील निशाचर शिकारी प्राणी आहे. मानवजात नष्ट झाल्यानंतर, आजपासून सुमारे ५ कोटी वर्षांनी पृथ्वीवर कोणती जीवसृष्टी असू शकेल, याची मांडणी या ग्रंथात केली आहे. नाइट स्टॉकर हा उडणाऱ्या वटवाघळांचा उड्डाणक्षमता गमावलेला वंशज आहे.

अधिवास

हा प्राणी प्रशांत महासागरातील बटाव्हिया या काल्पनिक ज्वालामुखीजन्य द्वीपसमूहात राहतो. या बेटांवर सर्वप्रथम वटवाघळे पोहोचली. स्पर्धक नसल्याने ती जमिनीवरील, झाडांवरील आणि किनाऱ्यावरील रिकाम्या जागांत विभागली गेली. फुलासारखा चेहरा दाखवून कीटकांना आकर्षित करणारा फ्लूर आणि सीलप्रमाणे समुद्रात वावरणारा सर्फबॅट हे त्याचे बेटावरील नातलग होत.

वर्णन

नाइट स्टॉकरची उंची सुमारे १.५ मीटर असते. वटवाघळाची बहुतांश ताकद पंखांत, म्हणजेच पुढच्या अवयवांत असते. म्हणून हा प्राणी पुढच्या पायांवर चालतो. मागचे पाय पूर्वी लटकण्यासाठी वापरले जात. आता ते पुढे वळून भक्ष्य पकडण्याचे काम करतात. डोळे जवळजवळ निकामी झाले असून मोठे कान व नाकावरील पानासारखी त्वचा यांच्या साहाय्याने तो प्रतिध्वनीवरून भक्ष्याचा माग काढतो. हे प्राणी रात्री कर्कश आवाज करीत कळपाने हिंडतात आणि सस्तन व सरपटणाऱ्या प्राण्यांची शिकार करतात.

जीवशास्त्रीय आधार

या कल्पनेची बीजे प्रत्यक्ष निसर्गात आढळतात. न्यूझीलंडचे मूळ भूचर सस्तन प्राणी म्हणजे केवळ वटवाघळे होत. त्यांपैकी आखूड शेपटीचे लहान वटवाघूळ पंख घट्ट मिटून जंगलातील जमिनीवर अन्न शोधते, मात्र ते उडूही शकते. अमेरिका खंडातील रक्तपिपासू वटवाघूळ पुढच्या अवयवांच्या जोरावर जमिनीवर धावू शकते. मात्र उड्डाण पूर्णपणे गमावलेली वटवाघळाची एकही जाती आज ज्ञात नाही. बेटांवरील पक्ष्यांत, उदाहरणार्थ मॉरिशसच्या डोडोत, असा बदल घडलेला आहे.

महत्त्व

*आफ्टर मॅन* हा कल्पित उत्क्रांती या प्रकारातील पायाभूत ग्रंथ मानला जातो. एकाकी बेट, रिकामी परिस्थितिकीय जागा आणि पूर्वजांकडून मिळालेली शरीररचना यांमुळे जीवांना कशी दिशा मिळते, हे नाइट स्टॉकरच्या उदाहरणातून दिसते. उत्क्रांती नवा अवयव शून्यातून घडवीत नाही; असलेल्या अवयवालाच नवे काम देते, हे तत्त्व या काल्पनिक प्राण्याच्या मुळाशी आहे.