बालवाडीचा पहिला आठवडा : अक्षरांआधी विश्वास

उन्हाच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. भंडारा जिल्ह्यात हाच काळ धानाच्या पऱ्ह्यांचा असतो. पुढे रोवणी लागली की शेतकरी आणि मजूर घरांतील स्त्रिया दिवसभर बांधीत राबतात. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाला बालवाडीत रुळवण्यासाठी आईच्या हाती मोजकेच दिवस उरतात. ते पाटी गिरवण्यात न घालवता मुलाचा विश्वास संपादन करण्यात घालवणे हिताचे ठरते.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. तेथे अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. मुले बालवाडीत येत नसतील, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी साकारली. माती, पाने, बिया हीच तेथील शैक्षणिक साधने होती. केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही तीन ते आठ वर्षांच्या पायाभूत स्तरासाठी खेळातून शिकण्यावर भर दिला आहे.

पहिल्या आठवड्याचे नियोजन

सोमवार : वेळ तास-दीड तासच ठेवावी. आई किंवा आजीने सोबत बसावे. मुलाने केवळ पाहत राहिले तरी चालेल.

मंगळवार : टाळ्यांच्या तालावर प्रत्येकाचे नाव घ्यावे. चप्पल ठेवण्याची जागा, पाण्याचा माठ आणि स्वच्छतागृह दाखवावे.

बुधवार : ओल्या मातीचे गोळे, वाटीने पाणी ओतणे, वाळूत बोटांनी रेघा. रडणारी मुले अशा खेळांत लवकर रमतात.

गुरुवार : गोष्ट आणि बडबडगीत. ते झाडीबोलीत असल्यास उत्तम. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवसांत ‘पाणी’ म्हणायला लावले, तर ते गप्प बसण्याचा संभव असतो. प्रमाण भाषा पुढे येतेच.

शुक्रवार : आवारात फेरफटका. पाने गोळा करून लहान-मोठी, गुळगुळीत-खरखरीत अशी वेगळी करावीत. धान्य, चिंचोके किंवा मणी देताना विशेष दक्षता हवी. मुले ते नाकाकानात वा तोंडात घालतात.

शनिवार : आवडलेले खेळ पुन्हा घ्यावेत. मूल कशाने शांत होते, काय खाते, घरी त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, याची पालकांकडून माहिती घ्यावी.

निरोप घेताना

मुलाची नजर चुकवून निघून जाणे ही नेहमीची चूक होय. रडणे त्या क्षणी टळते. परंतु दुसऱ्या दिवशी मूल आईचा पदर सोडत नाही. ‘खाऊ खाऊन झाला की मी येते’ असे सांगून निघावे आणि सांगितलेली वेळ पाळावी. घड्याळ न कळणाऱ्या मुलाला खाऊची वेळ मात्र कळते. ‘रडलास तर बाई मारतील’ ही धमकी कदापि देऊ नये.

काही मुले दोन दिवसांत रुळतात, काहींना दोन-तीन आठवडे लागतात. रोवणीमुळे आईला थांबणे अशक्य असल्यास आजी-आजोबा किंवा मोठ्या भावंडाने सोबत करावी. मात्र आठवडाभर शक्यतो एकाच व्यक्तीने यावे.