शुद्धिपत्र हरवलेली पोथी

शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथमहाराजांनी तिची प्रत शुद्ध केली. मधल्या सुमारे तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून पाठ बिघडत गेले होते. नाथांनी ते नीट केले, शुद्धीचा शक नोंदविला आणि पुढे कोणी आपली ओवी यात घुसडू नये अशी ताकीदही दिली. आम्ही येथे विचार करणार आहोत तो या ताकदीपलीकडच्या बिघाडाचा; कारण आज संगणकावरील पोथीत जो दोष शिरतो, त्याला घुसडणारा हातच नसतो.

हा दोष येतो कोठून? आरंभीच्या संगणकांत मराठी अक्षर म्हणजे नुसते चित्र होते. टंक बदलला की त्याच संकेतातून भलतेच चित्र उमटे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तीत देवनागरीला प्रत्येक वर्णाचा स्वतंत्र क्रमांक मिळाला. तेथे नियम उच्चाराचा: आधी व्यंजन, मग वेलांटी. जुन्या टंकांत नियम डोळ्यांचा: वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून ती आधी. या दोन नियमांमधील रूपांतर जेथे फसले, तेथे ‘विठ्ठला’ची वेलांटी निराधार होऊन एका ठिपक्याठिपक्यांच्या वर्तुळावर टेकली आणि ‘धर्म’ चा ‘धमर्’ झाला.

पण असल्या दोषांचे आम्हांस फारसे भय वाटत नाही. ‘धमर्’ पाहून वाचक थबकतो आणि मनातल्या मनात शब्द सुधारून घेतो. ओव्यांच्या ओळी मोडून सारे गद्यासारखे एकसलग दिसू लागले, तरी हाहाकार करण्याचे कारण नाही; जुन्या हस्तलिखितांत शब्दसुद्धा तोडून लिहीत नसत!

खरे भय निमूट दोषाचे. मराठीतला ‘ऱ्य’ घ्या. ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास आणि ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस. ‘दऱ्या’ डोंगरात, ‘दर्या’ कोकणात. हा ‘ऱ्य’ संगणकात साधण्याचे दोन मार्ग आहेत. एकात ‘ऱ’ हे निराळे अक्षर योजतात. दुसऱ्यात साध्या ‘र्’ पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या एखाद्या आज्ञावलीने ती अदृश्य चिन्हे झाडून काढली, की स्वयंपाक्याचा गुरू होतो, वारकऱ्यांचे ‘वारकर्यां’ होतात आणि पडद्यावर पाहावे तर सारे सुरळीत. पारायणाला बसलेला, हाती फोन धरलेला भाविक तसेच वाचतो. त्याच्या जिभेवर पाठ बदलला, तो कायमचा.

छापखान्याच्या काळीही चुका होत. एक खिळा चुकला की सारी आवृत्ती चुके. मात्र ग्रंथाच्या शेवटी शुद्धिपत्र असे. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. पडद्यावरील ग्रंथ एके ठिकाणी सुधारला, तरी त्यावरून आधीच उतरवून घेतलेल्या प्रती अशुद्धच फिरत राहतात, आणि त्यांतली कोणती कोणत्या छापील आवृत्तीवरून घेतली याची नोंद पुष्कळदा नसते.

उपाय जुनाच आहे. एकाने छापील प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने पडद्यावर एकेक अक्षर पाहत जावे, ‘ऱ्य’ आला की थांबावे. आणि शेवटी मूळ आवृत्ती, तपासणाराचे नाव व तारीख लिहून ठेवावी.