विलंबाची चौकशी
सप्टेंबर १९८१ मध्ये जी लेखबद्ध झाली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर जिचा अंमल बसला, ती इंटरनेट प्रोटोकॉलची चौथी आवृत्ती जुनी. आणि डिसेंबर १९९५ मध्ये, म्हणजे विदेश संचार निगमने १५ ऑगस्टला भारतीय जनतेसाठी इंटरनेट खुले केले त्याच वर्षाच्या अखेरीस, जिची पहिली नियमावली प्रसिद्ध झाली ती सहावी आवृत्ती नवी. या दोहोंत जलद कोणती, हा वाद पुढे पुष्कळ वर्षे चालला. परंतु माझ्या मते विलंबाचे मूळ या दोन नियमावल्यांच्या रचनेत कमी आणि वाटेवरच्या बंदोबस्तात अधिक होते.

चौथ्या आवृत्तीचा पत्ता ३२ बिटांचा, म्हणून एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्यांची टंचाई भासू लागताच एका सार्वजनिक पत्त्याआड अनेक यंत्रे ठेवण्याची तजवीज झाली, आणि मग वेशीवरच्या यंत्राने प्रत्येक खलित्यावरील, म्हणजे माहितीच्या पॅकेटवरील, प्रेषकाचा पत्ता बदलावा, त्याची नोंद दफ्तरी ठेवावी व उत्तर येताच ती नोंद पाहून ते मूळ धन्याकडे रवाना करावे, असा रिवाज पडला. सहाव्या आवृत्तीच्या १२८ बिटांच्या पत्त्याला या नाक्याची गरज नव्हती.

तरीही आरंभी मंद म्हणून बदनाम झाली ती नवीच. तिचा मुलूख तुटक होता. जुन्या जाळ्यातून काढलेल्या आडवाटांनी तिचे खलिते जात आणि पुष्कळदा मध्येच नाहीसे होत. यंत्र मात्र आज्ञाधारकपणे प्रथम नव्या पत्त्याला हाक देई, उत्तराची वीस सेकंदांहून अधिक, क्वचित मिनिटाहूनही अधिक वाट पाही, आणि मगच जुन्या पत्त्याकडे वळे. ग्राहक दुरावेल या भयाने मोठ्या संस्था आपला नवा पत्ता जाहीर करण्यास धजत नसत, हे अगदी स्वाभाविक होते. अखेर ८ जून २०११ रोजी अनेक मोठ्या संस्थांनी एकत्र येऊन एक अहोरात्र तो पत्ता प्रकट ठेवून परीक्षा पाहिली.

यावरचा खरा उपाय एप्रिल २०१२ मध्ये डॅन विंग आणि अँड्र्यू युर्चेंको यांनी ‘हॅपी आयबॉल्स’ या नावाने मांडला, आणि त्याचा साधेपणा मला आजही थोर वाटतो: नव्या पत्त्याला आधी हाक द्यावी, सुमारे ३०० मिलिसेकंदांत उत्तर न आल्यास जुन्यालाही द्यावी, आणि जो आधी ओ देईल त्याच्याशी जोडणी पक्की करावी. दोनच महिन्यांनी, ६ जून २०१२ रोजी, त्या मोठ्या संस्थांनी नवा पत्ता कायमचा खुला केला.

पुढे मोबाइलच्या जाळ्यांनी, आपल्याकडे विशेषतः २०१६ मध्ये आलेल्या जिओने, सहावी आवृत्ती सरसकट स्वीकारली. आणि २०२० मध्ये ॲपलने आपल्या मोजणीवरून सांगितले, की नव्या आवृत्तीवरील जोडणी जुन्या आवृत्तीपेक्षा १.४ पट जलद जुळते, आणि त्याची कारणे म्हणून पत्ते बदलणाऱ्या नाक्यांची घट आणि सुधारलेले मार्ग यांचाच निर्देश केला. हॅपी आयबॉल्सची मुदत तत्पूर्वीच, २०१७ मध्ये, २५० मिलिसेकंदांवर आली होती.