एक पेनी, बारा माणसं आणि आपलं वऱ्हाड

अमरावती-अकोल्याकडच्या ख्रिस्ती घरात वाढला असाल, तर 'कॉटेज मीटिंग' तुम्हाला नवी नाही. कुणाच्या तरी घरी दहा-बारा जण जमतात, दोन गाणी होतात, वचन, प्रार्थना, मग चहा. रविवारच्या उपासनेपुढे हे जरा किरकोळच वाटतं ना? पण आजची गोष्ट या किरकोळ बैठकीचीच आहे, आणि ती सुरू होते चक्क कर्जापासून.

साल 1742, इंग्लंडमधलं ब्रिस्टल. जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट लोकांवर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. कुणीतरी सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची. एकेका माणसाने अकरा जणांकडे जाऊन ती गोळा करायची, आणि ज्याला जमणार नाही त्याची आपल्या खिशातून भरायची. झालं काय, की पेनी मागायला घरोघर गेल्यावर घरं दिसायला लागली. कोण आजारी आहे, कोण दारूत बुडालाय, कुणाच्या घरी भांडण पेटलंय. शेकडोंच्या सभेत हे कधीच कळलं नव्हतं! वेस्लीने त्यातून बारा-बारा जणांचे वर्गच सुरू केले. अर्थात त्यात जाच पण होता. दर तीन महिन्यांनी तिकीट मिळायचं, वागणूक बरी नसेल तर तिकीट बंद.

हीच पद्धत 1871 च्या शेवटी मुंबईत आली. विल्यम टेलर नावाच्या अमेरिकन प्रचारकाने लोकांच्या घरांतून छोटे गट बांधले आणि त्यांतून तिथली मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. म्हणजे आधी घरं, इमारत नंतर. टेलरच्या कामासाठी आलेल्यांपैकी अल्बर्ट नॉर्टन पुढे आपल्या एलिचपूरला, म्हणजे अचलपूरला आले आणि कोरकू लोकांत राहिले. अकोल्यात जेनी फुलर आणि त्यांचे पती मार्कस यांनी काम केलं. भारतातल्या बायकांच्या हालांवर जेनीबाईंनी लिहिलेल्या पुस्तकाला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे.

आता खरी गोष्ट. 1896-97 आणि 1899-1900, असे दोन दुष्काळ पडले. कापसाचं वऱ्हाड, पण पोटाला दाणा नाही. मिशनने अकोल्यात मुलग्यांना आणि खामगावात मुलींना आसरा दिला. विचार करा, त्या पोरांचं काय उरलं होतं? आई-बाप गेले, गाव सुटलं, जात सुटली. आपल्याकडे लग्न जुळवायचं, मयताला खांदा द्यायचा, बाळंतिणीकडे बघायचं, हे सगळं भावकी करते. नव्या ख्रिस्ती माणसाला भावकीच नव्हती. मोठी उपासना त्याला उपदेश देऊ शकत होती. रात्री ताप चढला तर उशाशी बसायला मात्र माणूसच लागतो. माझ्या मते आपल्याकडे छोट्या गटाचं महत्त्व इथे आहे, आध्यात्मिक वगैरे नंतर.

रमाबाईंनाही हे उमगलं असावं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या मुली मोठ्या संख्येने होत्या. जानेवारी 1905 मध्ये त्यांनी रोज एकत्र प्रार्थना करायला कोण येईल असं विचारलं, तर सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत आकडा पाचशेच्या वर गेला आणि तिथलं प्रसिद्ध संजीवन सुरू झालं. सगळे त्या पाचशेंबद्दल बोलतात, मला त्या सत्तर जणी जास्त महत्त्वाच्या वाटतात. त्यातल्या कितीतरी जणींना 'बहीण' म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

पण या गटात यायला बाप्तिस्मा हवाच का? 1917 मध्ये साताऱ्यात नारायण वामन टिळकांनी 'देवाचा दरबार' भरवला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. त्यासाठी त्यांनी मिशनची नोकरी सोडली. दोन वर्षांत टिळक गेले. त्या दरबाराची गोष्ट पुढच्या भागात.