वजन कमी करताना जेवणाची पूर्वतयारी कशी करावी?

वजन कमी करायचे ठरवल्यावर काय खावे हे बहुतेकांना माहीत असते. अडचण येते ती वेळेची. शेतातून किंवा नोकरीवरून संध्याकाळी घरी आल्यावर कडकडून भूक लागलेली असते, भाजी चिरलेली नसते, आणि मग चिवडा, आलूबोंडा किंवा भाताचे भरलेले ताट पोटात जाते. ही वेळ सांभाळण्यासाठी तयारी आधीच करून ठेवावी लागते. मात्र वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. आठवडाभराचा स्वयंपाक एकाच दिवशी करून ठेवणे इथे धोक्याचे ठरू शकते. म्हणून साहित्य तयार ठेवा, अन्न शक्यतो ताजे शिजवा.

वजन किती कमी करावे?

भारतीय प्रौढांमध्ये बीएमआय २३ किंवा त्याहून जास्त असल्यास वजन जास्त आणि २५ किंवा त्याहून जास्त असल्यास लठ्ठपणा समजतात. कमरेचा घेर पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या आत असावा. आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के वजन घटले, तरी रक्तदाब आणि रक्तातील साखर सुधारते. म्हणजे ८० किलो वजन असेल तर ४ ते ८ किलो. आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरेसा आहे.

आधी काय तयार ठेवाल?

* भाजी: आठवडी बाजारातून आणलेली पालक, चवळी, आंबाडी निवडून, कोरडी करून कापडात गुंडाळून ठेवा. पालेभाजी आधी धुऊन ठेवू नका, शिजवण्यापूर्वी धुवा. काकडी, मुळा, गाजर समोर दिसतील असे ठेवा.
* कडधान्य: मटकी, मूग किंवा बरबटी रात्री भिजवा, सकाळी पाणी काढून ओल्या कापडात बांधा. मोड आल्यावर फ्रिजमध्ये २ ते ३ दिवस टिकतात. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि लहान मुलांना मोड शिजवूनच द्या.
* डाळ: आपल्याकडे तूर घरोघरी असते. सकाळीच साधे वरण शिजवून वेगळे काढा आणि फोडणी जेवताना द्या. वरण, अंडी, दही यांतील प्रथिनांमुळे पोट जास्त वेळ भरलेले राहते.
* मधल्या वेळेचे खाणे: भाजलेले फुटाणे मूठभर मापाने छोट्या डब्यांत भरा. मोठा डबा समोर घेऊन बसू नका.
* तेल: महिन्याचे तेल आधीच मोजून वेगळे काढा. माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे चार जणांसाठी २ लिटर, हे उद्दिष्ट ठेवा. माणशी एक लिटर वापरत असाल, तर एवढ्या बदलाने प्रत्येकाच्या पोटात रोज सुमारे १३५ कॅलरी कमी जातात. झुणका आणि रस्स्यावरची तर्री यांत तेल किती जाते ते स्वतः मोजून पाहा.

ज्वारी खाल्ली की वजन उतरते का?

आपोआप नाही. ज्वारी आणि गहू यांच्या पिठातील कॅलरी जवळपास सारख्याच असतात. १९३४ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या तांदळाचा प्रचार केला. कोंड्यासह धान्य खाणे चांगलेच, त्यातून तंतू मिळतात. पण वजनासाठी भाकरी किंवा भात किती वाढून घेता हे महत्त्वाचे. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबीर, पाव भाग वरण किंवा उसळ, आणि पाव भाग भाकरी, पोळी किंवा भात असा ठेवा. पाहुणे आल्यावर गोरसपाक खायला हरकत नाही, एखादाच घ्या.

शिजवलेले अन्न ठेवताना

* शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, उन्हाळ्यात एका तासात. लवकर निवण्यासाठी पसरट भांड्यात काढा.
* भाजी आणि वरण फ्रिजमध्ये ठेवले तरी दोन दिवसांत संपवा, भात दुसऱ्या दिवसापर्यंत. बाहेर राहिलेल्या भातात जंतू विष तयार करतात. ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.
* खाताना वाफ येईपर्यंत गरम करा, तेही एकदाच.
* वीज गेल्यास फ्रिज उघडू नका. चार तासांहून जास्त वेळ वीज नसेल तर शिजवलेले अन्न टाकून द्या.
* फ्रिज नसेल तर त्या वेळेपुरतेच शिजवा. निवडलेली भाजी, मोड आणि मोजलेले तेल एवढी तयारी पुरते.

हे बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना कोणी विचारावे?

* मधुमेह: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवण कमी केल्यास साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, धडधड जाणवल्यास लगेच ३ चमचे साखर पाण्यातून घ्या आणि डॉक्टरांना कळवा. स्वतःहून औषध बंद करू नका.
* मूत्रपिंडाचा आजार: डाळ, कडधान्ये आणि पालेभाज्या किती घ्यायच्या हे डॉक्टर ठरवतील.
* गरोदर आणि स्तनदा माता, वाढीची मुले: यांनी वजन घटवणारा आहार स्वतःहून सुरू करू नये.

काहीही न बदलता वजन उतरत असेल, सोबत खोकला, ताप किंवा खूप तहान असेल, तर आनंद मानू नका. क्षयरोग किंवा मधुमेहाची तपासणी करून घ्या. तिशीनंतर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर मोफत तपासता येते. आहाराबाबत सविस्तर सल्ला हवा असल्यास सेवाग्राम किंवा सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारणा करा. जाताना तीन दिवसांत काय काय खाल्ले ते लिहून न्या.

घरातील एकासाठी वेगळा स्वयंपाक फार दिवस चालत नाही. कमी तेलाची भाजी आणि वरण सगळ्यांसाठी एकच करा, आणि निवडणे, चिरणे हे काम एकट्या बाईवर न टाकता घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्या.